पार्शल राइट

प्रोग्रामने जितके बाइट लिहायला दिले त्यापेक्षा कमी बाइट ऑपरेटिंग सिस्टिमने स्वीकारले आणि तरीही लिहिण्याचा तो कॉल यशस्वी ठरला, तर त्याला पार्शल राइट किंवा शॉर्ट राइट म्हणतात. युनिक्स, लिनक्स, बीएसडी, मॅकओएस या घराण्यातल्या सिस्टिमवर राइट या सिस्टिम कॉलला (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या विनंतीला) असे करण्याची नियमानेच मुभा आहे. सी मधला प्रिंटएफ किंवा पायथनचा प्रिंट वापरणाऱ्याला हे सहसा जाणवत नाही, कारण मधली लायब्ररी उरलेले बाइट पुन्हा पाठवते. असेंब्लीत, सिग्नल हँडलरमध्ये (सिग्नल म्हणजे सिस्टिमची तातडीची सूचना आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये), लायब्ररीशिवाय बांधलेल्या प्रोग्रामात किंवा थेट राइट वापरणाऱ्या सी कोडमध्ये मात्र ते काम प्रोग्रामरलाच करावे लागते. छोट्या प्रोग्रामांत ते बहुधा राहून जाते, आणि राहून गेले हे कळतही नाही.

राइटला तीन गोष्टी द्याव्या लागतात: फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलीचा क्रमांक), मेमरीतला पत्ता आणि बाइटची संख्या. उत्तरादाखल एकच आकडा मिळतो. तो ऋण असेल तर चूक झाली; धन असेल तर तितके बाइट गेले. मागितलेली संख्या आणि मिळालेला आकडा सारखा असलाच पाहिजे, असे वचन पॉसिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचे मानक कुठेही देत नाही. उलट मानकात उदाहरणच दिले आहे: जागा २० बाइटचीच उरली असताना ५१२ बाइट लिहायला सांगितले, तर राइट २० हा आकडा परत देईल आणि त्यानंतरचा कॉल अपयशी ठरेल. म्हणजे चुकीचे खरे कारण दुसऱ्या कॉलला कळते. ज्याने दुसरा कॉल केलाच नाही, त्याला ते कधीच कळत नाही.

हा नियम पहिल्यापासून असाच नव्हता. बेल लॅब्जमधून १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीची पुस्तिका सांगते की लिहिलेल्या अक्षरांची संख्या मागितल्यापेक्षा वेगळी आली तर ती चूक समजावी. पुढे १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये सॉकेट (नेटवर्कवरून बोलण्याची टोके) आले, नॉन-ब्लॉकिंग लेखन (जागा नसेल तर न थांबता लगेच परतणारे) रुळले, आणि ‘आता इतकेच मावते, बाकीचे नंतर आणा’ हे उत्तर रोजच्या व्यवहारातले झाले. तरीही मागितल्यापेक्षा कमी गेले म्हणजे काहीतरी बिघडले, ही जुनी समजूत कित्येक प्रोग्रामांत टिकून आहे. त्याहून जास्त प्रोग्राम तो आकडा पाहतच नाहीत.

एक प्रयोग

आकडा न पाहिल्याने काय होते ते घरच्या लिनक्सवर दोन मिनिटांत दिसते. ‘क’ हे अक्षर ५०० वेळा एकाच राइटने छापून शून्य स्टेटसने बाहेर पडणारा प्रोग्राम घ्यावा. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या मूळ युनिकोड पट्ट्यातले प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. ‘क’ चे बाइट दशमानात २२४, १६४ आणि १४९. म्हणजे एकूण १५०० बाइट झाले. आता बॅश शेलमध्ये यूलिमिट कमांडने फाइलच्या आकाराची मर्यादा १ करावी (बॅश ती १०२४ बाइटच्या पटीत मोजते) आणि प्रोग्रामचे आउटपुट एका नव्या फाइलकडे वळवावे. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पहिल्या कॉलला १०२४ बाइट घेतो आणि १०२४ हेच उत्तर देतो. प्रोग्राम ते न पाहता संपतो, शेलला शून्य म्हणजे ‘सर्व ठीक’ असा निरोप मिळतो, पडद्यावर काहीही उमटत नाही, आणि ४७६ बाइट हरवलेले असतात.

फाइल उघडली तर ३४१ ‘क’ नीट दिसतात, कारण ३४१ गुणिले ३ म्हणजे १०२३. शेवटचा, १०२४ वा बाइट पुढच्या ‘क’ चा पहिला तुकडा असतो: एकटा २२४. त्याच्या जागी बहुतेक एडिटर काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह दाखवतात. कर्नलला अक्षर, जोडाक्षर, ओळ यांपैकी काहीच कळत नाही. तो बाइट मोजतो आणि मर्यादा जिथे येईल तिथे तोडतो. इंग्रजी मजकूर कुठेही तुटला तरी निदान अक्षरावर तुटतो. मराठी मजकूर अक्षराच्या पोटात तुटू शकतो.

हाच प्रोग्राम लूप (सगळे बाइट जाईपर्यंत पुन्हा पुन्हा राइट करणारी फेरी) लावून लिहिला असता, तर उरलेल्या ४७६ बाइटसाठी दुसरा कॉल गेला असता. तेव्हा कर्नल एसआयजीएक्सएफएसझेड हा सिग्नल पाठवतो, आणि तो सिग्नल आधीच दुर्लक्षित करून ठेवला असेल तर कॉल ईएफबिग (लिनक्सवर क्रमांक २७) ही चूक परत देतो. दोन्ही वाटांनी अपयश उघड होते. हरवलेले बाइट लूपने परत येत नाहीत, पण ते हरवले ही बातमी मिळते, आणि छापणाऱ्या प्रोग्रामाकडून ही किमान अपेक्षा आहे.

लूप कसा असतो

कल्पना सोपी आहे. जितके गेले तितका पत्ता पुढे सरकवायचा, तितकीच उरलेली संख्या कमी करायची, आणि संख्या शून्य होईपर्यंत पुन्हा राइट करायचे. अडचणी तपशिलात आहेत, आणि असेंब्लीत त्या जास्त बोचतात.

लिनक्सवर एक्स८६-६४ या प्रोसेसर घराण्यात राइटचा क्रमांक १ असून तो आरएएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठ्यात) ठेवतात. डिस्क्रिप्टर आरडीआयमध्ये, पत्ता आरएसआयमध्ये आणि संख्या आरडीएक्समध्ये जाते. कॉल झाल्यावर शेवटची तिन्ही रजिस्टरे जशीच्या तशी राहतात, त्यामुळे आरएएक्समध्ये आलेले उत्तर आरएसआयमध्ये मिळवायचे आणि आरडीएक्समधून वजा करायचे, इतके पुरते. पण उत्तर आरएएक्समध्येच येत असल्याने तिथला क्रमांक १ पुसला जातो. तो पुन्हा भरण्याची सूचना लूपच्या बाहेर राहिली, तर दुसऱ्या फेरीत कर्नल मागच्या फेरीतल्या बाइटच्या संख्येलाच कॉलचा क्रमांक समजतो. पहिल्या फेरीत १०२४ बाइट गेले असतील तर असा कॉलच नाही म्हणून चूक येते. नेमके ६० बाइट गेले असतील तर फार वाईट, कारण ६० हा एक्झिटचा क्रमांक आहे. आरडीआयमध्ये स्टँडर्ड आउटपुटचा १ असतोच, म्हणून प्रोग्राम १ या स्टेटसने मुकाट्याने संपतो, आणि शोधणारा आपल्या एक्झिटच्या ओळीवर डोके फोडत बसतो.

दुसरा सापळा आरसीएक्सचा. कर्नलला हाक मारणारी सिसकॉल ही सूचना आरसीएक्स आणि आर११ या दोन रजिस्टरांतला मजकूर नष्ट करते. फेऱ्या मोजायला आरसीएक्स वापरायची सवय जुन्या ८०८६ च्या शिकवणीतून येते, आणि इथे ती घात करते. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मायक्रोप्रोसेसरच्या प्रात्यक्षिकांना नॅसम हा असेंब्लर वापरतात आणि छपाईसाठी एक छोटा मॅक्रो (नावाने पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा) लिहून घेतात. त्या मॅक्रोत चार रजिस्टरे भरून सिसकॉल केला की काम झाले असे धरतात, आरएएक्सकडे परत पाहायची ओळ त्यात सहसा नसते. मॅक्रो शिकवायला सोयीचा आहे हे खरे. पण तपासणीच्या पाचसहा ओळी त्यात पहिल्याच दिवशी घातल्या, तर विद्यार्थ्याच्या हाताला ते वळण कायमचे लागेल.

उत्तर ऋण असेल तर त्याचे प्रकार वेगळे पाहावे लागतात. थेट सिस्टिम कॉलमध्ये उणे १ ते उणे ४०९५ या पल्ल्यातला आकडा म्हणजे चूक. सी लायब्ररी त्याचे उणे १ करते आणि क्रमांक एर्नो या चलात ठेवते. उणे ४ म्हणजे ईइंटर: एकही बाइट जाण्याआधी सिग्नल आला, तेव्हा तोच कॉल पुन्हा करायचा. उणे ११ म्हणजे ईअगेन: डिस्क्रिप्टर नॉन-ब्लॉकिंग आहे आणि आत्ता जागा नाही. इथे लगेच पुन्हा कॉल करत राहिले तर प्रोसेसर फुकट तापतो. पोल हा कॉल वापरून जागा होईपर्यंत थांबणे योग्य. बाकीच्या चुकांना, म्हणजे डिस्क भरली (२८), दुसऱ्या प्रोग्रामकडे बाइट नेणारा पाइप वाचणाऱ्याने बंद केला (३२) किंवा हार्डवेअरने दगा दिला (५), पुन्हा प्रयत्न करून उपयोग नसतो. तिथे थांबायचे, स्टँडर्ड एररवर सांगायचे आणि शून्य नसलेल्या स्टेटसने बाहेर पडायचे.

राहिले शून्य. बाइट मागितलेले असताना उत्तर शून्य आले, तर ‘पुन्हा करून पाहू’ म्हणणारा लूप कधीच संपणार नाही, म्हणून शून्यालाही अपयश मानतात. ग्नूच्या ग्नूलिब या लायब्ररीतले फुल राइट हे फंक्शन अशा वेळी डिस्क भरल्याची चूक नोंदवते. रस्ट भाषेतले राइट ऑल त्यासाठी राइट झिरो नावाची वेगळी चूक देते.

सी मध्ये आणखी एक खोड आहे. उत्तर चिन्हरहित चलात ठेवले तर उणे १ चे प्रचंड मोठे धन होते, ‘किती उरले’ हा हिशोब उलटा फिरतो आणि लूप मेमरीच्या पलीकडचे काहीबाही छापू लागतो किंवा कोसळतो. उत्तर एसएसाइझ-टी या चिन्हासहित प्रकारातच घ्यावे.

कमी का जाते

डिस्कवरच्या साध्या फाइलीत पार्शल राइट विरळा आहे. जागा संपणे आणि आकाराची मर्यादा ही तिथली मुख्य कारणे. लिनक्स एका कॉलमध्ये जास्तीत जास्त २,१४७,४७९,५५२ बाइट, म्हणजे २ गिगाबाइटला ४०९६ कमी, इतकेच घेतो, मग सिस्टिम ६४ बिटची असली तरी. मॅकओएस मात्र २ गिगाबाइटच्या पुढची मागणी अर्धवट पुरवण्याऐवजी साफ नाकारतो.

पाइपचे वागणे जास्त गुंतागुंतीचे आहे. लिनक्सवर पाइपची क्षमता साधारणपणे ६५,५३६ बाइट असते. ४०९६ बाइटपर्यंतचे लेखन अखंड जाते. त्याहून मोठे असेल आणि पाइप नॉन-ब्लॉकिंग असेल तर मावेल तितके जाते. ब्लॉकिंग पाइपवर राइट थांबून राहतो आणि सहसा सगळे संपवतो, पण अर्धे गेलेले असताना सिग्नल आला तर तो गेलेल्या बाइटची संख्या घेऊन परततो. हँडलर बसवताना एसए-रीस्टार्ट (सिग्नलनंतर अडलेला कॉल पुन्हा सुरू करण्याचा पर्याय) दिलेले असले तरी याबाबतीत फरक पडत नाही. लिनक्सवर त्यासाठी हँडलरचीही गरज नाही: वाचणारा मागे पडल्यामुळे प्रोग्राम पाइपपाशी अडकला असताना कंट्रोल-झेड दाबून त्याला थांबवले आणि पुन्हा चालू केले, तरी अडकलेला राइट अर्धवट आकडा देऊन परत येऊ शकतो. ‘माझ्या प्रोग्रामात सिग्नल नाहीतच, मग लूप कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

टर्मिनलवर छापताना एक कारण बाहेरून येते. नॉन-ब्लॉकिंग हा गुण प्रोसेसचा नसून उघडलेल्या फाइलीच्या सामायिक नोंदीचा असतो. शेलमधून सुरू झालेल्या प्रोग्रामांचे इनपुट, आउटपुट आणि एरर बहुधा एकाच नोंदीकडे बोट दाखवतात. त्यामुळे शेजारच्या एखाद्या प्रोग्रामने स्वतःच्या इनपुटसाठी तो गुण चालू केला की तुमचे आउटपुटही नॉन-ब्लॉकिंग होते, आणि लांबलचक आउटपुट मध्येच तुटते. तुमच्या कोडमध्ये एकही ओळ बदललेली नसते.

इतर भाषांत

गो भाषेच्या आयओ रायटरचा नियम कडक आहे: दिलेल्यापेक्षा कमी लिहिले तर चूक परत द्यावीच लागते. रस्टमध्ये राइट आणि राइट ऑल हे दोन वेगळे मार्ग आहेत, आणि पहिल्याचा आकडा न पाहणाऱ्याला तपासणीची साधने टोकतात. जावाच्या चॅनेलवर बफर (बाइट तात्पुरते ठेवायची जागा) रिकामा होईपर्यंत लूप लावावा लागतो. पायथनमध्ये ओएस मॉड्यूलमधला राइट कच्चा आकडा देतो, तर नेहमीची बफर असलेली फाइल तो हिशोब स्वतः सांभाळते. सी मधल्या प्रिंटएफच्या मागेही लूप असतो, पण बफर शेवटी रिकामा होताना आलेली चूक प्रिंटएफ सांगू शकत नाही. म्हणून ग्नू कोअरयुटिल्स या मूलभूत कमांडच्या संचातले प्रोग्राम बाहेर पडताना स्टँडर्ड आउटपुट मुद्दाम बंद करून निकाल तपासतात. लिनक्सवरचे /डेव्ह/फुल हे उपकरण कायम ‘जागा नाही’ म्हणते. त्याकडे आउटपुट वळवून पाहिले की कोणता प्रोग्राम तक्रार करतो आणि कोणता शून्य स्टेटसने निघून जातो ते लगेच कळते. मात्र ते पहिल्याच कॉलला चूक देते, अर्धे घेत नाही. लूप पारखायचा असेल तर वरचा यूलिमिटचा प्रयोग किंवा सावकाश वाचला जाणारा नॉन-ब्लॉकिंग पाइप लागतो.

लूप काय देत नाही

लूपमुळे सगळे बाइट क्रमाने जातात, पण ते सलग जातील याची हमी नसते. दोन प्रोसेस एकाच पाइपवर लिहीत असतील तर पहिल्याचा अर्धा भाग आणि उरलेला अर्धा यांच्यामध्ये दुसऱ्याची ओळ घुसू शकते. मजकूर देवनागरी असेल तर ती घुसखोरी एखाद्या अक्षराच्या तीन बाइटांमध्येही होते. लॉगसाठी म्हणून ओळ लहान ठेवणे, ती आधी मेमरीत पूर्ण जुळवणे आणि एकाच राइटने पाठवणे हा उपाय आहे. लूप तेव्हाही हवाच, फक्त त्याची दुसरी फेरी क्वचित येते. अनेक बफर एकदम पाठवणाऱ्या राइटव्ही या कॉललाही हाच नियम लागू आहे, आणि तिथे कोणत्या बफरच्या कोणत्या बाइटवर काम थांबले हे शोधून यादी दुरुस्त करावी लागते.

राइटने पूर्ण आकडा दिला तरी बाइट डिस्कवर पोचले असे नाही. ते कर्नलच्या मेमरीत पोचले इतकेच. डिस्कची खात्री एफसिंक या कॉलने करावी लागते, आणि नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिममध्ये चूक क्लोज करतानाही समोर येऊ शकते.