पोषक घटक आणि सीमाभागातलं रोजचं जेवण

पोषक घटक म्हणजे अन्नातलं ते सगळं ज्यावर अंगात जोर येतो, झीज भरून निघते आणि रक्त, हाडं, नजर नीट राहते. कर्बोदकं, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ भरपूर लागतात, जीवनसत्त्वं आणि खनिजं अगदी थोडी, पण ती थोडीसुद्धा नाही मिळाली की दुखणी सुरू. 1 ग्रॅम कर्बोदकातून किंवा प्रथिनातून साधारण 4 किलोकॅलरी मिळतात, तेल-तुपातून 9.

बेळगाव भागात ताट तालुक्यागणिक बदलतं. खानापूरकडं पाऊस मोप, म्हणून भात आणि नाचणा, आणि अथणी-गोकाककडं गेलं की जोंधळ्याची भाकरी. नाचण्यात कॅल्शियम भारी, 100 ग्रॅममागं साधारण 350 मिलिग्रॅम, फक्त त्यातलं फायटेट (धान्यात असणारा, खनिजं धरून ठेवणारा घटक) ते सगळं अंगी लागू देत नाही, आणि आंबील आंबवली की फायटेट कमी होतं, म्हणजे आज्जी लोकांनी न शिकता बरोबर केलेलं.

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यातलं लायसिन नावाचं एक जोंधळ्यात कमी असतं आणि हुलगा, मटकी, तूरडाळीत ते चांगलं असतं, त्यामुळं भाकरी आणि उसळ एका दिवसात पोटात गेली की प्रथिनांचा मेळ बसतो, नुसती भाकरी-चटणी खाऊन पोट भरतं पण तो बसत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीप्रमाणं मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागं रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅमच्या आसपास.

लोहाचं गणित जरा वाकडं आहे. मेथी, तांदळी, शेपू खाल्ली तरी भाजीतलं लोह रक्तात सहज शिरत नाही, सोबत क जीवनसत्त्व लागतं, म्हणून भाजीवर लिंबू पिळावं नाहीतर कच्ची हिरवी मिरची चावावी. आणि आपल्याकडं जेवून उठलं की लगेच चहा! त्यातलं टॅनिन लोह अडवतं, तास-दीड तास थांबलं तर काय बिघडतंय.

बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत रताळी खूप पिकतात, पण आतून नारिंगी असेल त्यातच बीटा कॅरोटीन चांगलं, पांढऱ्यात नावापुरतं. अंगात त्याचं अ जीवनसत्त्व होतं, पण शोषायला थोडं तेल-तूप हवं, शेंगाचटणीवर तेल घेतलं तरी चालतं. खवा आहे म्हणून कुंद्याला, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईला, पौष्टिक म्हणणारे भेटतात, असू दे, पण साखर बघा की किती असते. गोकाकच्या करदंट नावाच्या मिठाईत डिंक आणि सुकामेवा असतो खरा, गूळही तेवढाच.

बी 12 जीवनसत्त्व मात्र भाजी-भाकरीत मिळत नाही. लिंगायत आणि जैन घरांत अंडं-मटण नसतं, तिथं दूध, दही, ताक हाच आधार, आणि पातळ ताकाच्या एका पेल्यावर भागत नाही. कर्नाटकात 2013 पासून क्षीरभाग्य योजनेत सरकारी शाळांतल्या पोरांना दूध देतात, त्यातून थोडं बी 12 आणि कॅल्शियम तरी पोरांच्या पोटात जातं.