राणी मारिया, सिस्टर

राणी मारिया, सिस्टर : (२९ जानेवारी १९५४ – २५ फेब्रुवारी १९९५). मध्य प्रदेशातील भूमिहीन मजूर व आदिवासी यांच्यात काम करणाऱ्या कॅथॉलिक धर्मभगिनी. जन्म केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात पुल्लुवळी या गावी, वट्टालिल कुटुंबात. १९७२ मध्ये त्यांनी फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या धर्मसंघात प्रवेश केला व १९७४ मध्ये पहिली व्रते घेतली. २००८ मध्ये संतपद मिळालेल्या अल्फोन्सा याच संघाच्या होत्या.

१९७५ च्या अखेरीस त्या उत्तर प्रदेशातील बिजनौरला आल्या. तेथे आरंभी शिक्षिका म्हणून व पुढे समाजकार्यात त्यांनी काही वर्षे घालवली. १९८३ मध्ये त्यांची बदली मध्य प्रदेशातील ओडगडी येथे झाली आणि १९९२ मध्ये त्या देवास जिल्ह्यातील उदयनगरला रुजू झाल्या. दरम्यान त्यांनी समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवीही घेतली होती.

नागपुरात ‘सिस्टर’ म्हटले की कॉन्व्हेंट शाळा किंवा रुग्णालय डोळ्यांसमोर येते. राणी मारियांचे काम या दोन्हींच्या पलीकडे, थेट कर्जाच्या व्यवहारात शिरणारे होते. पेरणीच्या वेळी उचललेले पैसे फेडता फेडता पीक आणि पुढे जमीनही सावकाराच्या हाती जाते, हे चक्र विदर्भातील वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ते तोडण्यासाठी त्यांनी गावकऱ्यांचे गट बांधले, बचतीची सवय लावली, बँकेतून कर्ज कसे मिळते व सरकारी योजनांचा लाभ कसा घ्यावा हे शिकवले, आणि कायद्याने मिळालेले हक्क मागायला लोकांना उभे केले. गरजू माणूस दारात येईनासा झाला की सावकाराचा धंदा बसतो. त्यामुळे उदयनगर परिसरातील धनिकांचा त्यांच्यावर रोष ओढवला. त्याला धर्मांतराच्या आरोपाची जोड मिळाली.

या आरोपाच्या इतिहासात नागपूरला स्वतःचे स्थान आहे. हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ मध्ये, रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. देवासचा भाग त्या वेळी मध्य भारत राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो नव्या मध्य प्रदेशात आला आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. वाद मात्र मध्य प्रदेशातच राहिला व १९६८ मध्ये तेथे बळजबरीने, आमिषाने किंवा फसवणुकीने केलेल्या धर्मांतरास बंदी घालणारा धर्मस्वातंत्र्य अधिनियम झाला. मिशनऱ्याच्या सेवेमागे हेतू कोणता, हा प्रश्न सेवेच्या परिणामांपेक्षा आधी विचारण्याची रीत राणी मारिया उदयनगरला येण्याच्या कितीतरी आधीच रुळली होती.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी केरळला जाण्यासाठी त्या सकाळी इंदूरच्या बसमध्ये बसल्या. वाटेत एका भाडोत्री मारेकऱ्याने प्रवाशांच्या देखत त्यांना भोसकले. त्यांच्या अंगावर ५० हून अधिक जखमा होत्या. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे आईनेही त्याला क्षमा केली. कुटुंबाच्या या भूमिकेचा त्याच्या सुटकेला हातभार लागला व २००६ मध्ये तो बाहेर आला.

पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१७ मध्ये त्यांचे हौतात्म्य मान्य केले आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. संतपदाच्या अलीकडची ही पायरी होय. चर्चच्या नियमानुसार हौतात्म्यासाठी श्रद्धेच्या द्वेषातून झालेली हत्या अभिप्रेत असते. येथे सावकारीला बसलेला धक्का हे कारण इतके उघड आहे, की केवळ धर्मद्वेषाचे स्पष्टीकरण अपुरे वाटते. त्यांची श्रद्धा आणि कर्जमुक्तीचे काम हे वेगळे काढता येत नाही, असे मानले तरच ते पुरते. चर्चची भूमिका साधारण हीच आहे.

त्यांची समाधी उदयनगर येथे आहे. सुटकेनंतर मारेकरीही तेथे दर्शनाला येत राहिला.