एक येरवडा, तीन कुलुपं

पुण्यात कुणी ‘ह्याला येरवड्याला पाठवा’ म्हणालं, तर कुठे ते सुरावरून ओळखायचं. मध्यवर्ती कारागृह तिथेच, मनोरुग्णालय तिथेच आणि मुलांचं रिमांड होमही तिथेच. तिन्ही सरकारी कोठ्या एका वस्तीत असणं पुणेकरांना एवढं सवयीचं झालंय, की कुणी त्यावर थबकतही नाही.

मुंबईत डोंगरी पाहा. कोल्हापूर प्रकरणातल्या, म्हणजे तिथल्या दिवाणाविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून झालेल्या, बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर १८८२ साली १०१ दिवस तिथल्या तुरुंगात होते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. पुढे त्याच तुरुंगाच्या जागी मुलांचं रिमांड होम आलं. कैदी गेले, पोरं आली. पोरांना तुरुंगाऐवजी सुधारशाळेत धाडायची तरतूद १८७६ आणि १८९७ च्या कायद्यांत होती आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये स्वतंत्र बालक कायदाही केला. जागा मात्र बहुतेकदा जुनीच मिळाली.

मनोरुग्णांचं याहून वाईट झालं. १८५८ च्या आणि नंतर १९१२ च्या कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या ‘वेड्या’ला पोलिसांनी पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. मग कित्येकांची रवानगी तुरुंगात. गुन्हा काहीच नाही. कागदावर कारण ‘सुरक्षित ताबा’. कुणापासून कोण सुरक्षित, हे विचारायची सोय नव्हती. पत्रकार शीला बारसे यांनी ते कोर्टात विचारलं. तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी त्यांनी लढवलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये आदेश दिले. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य, हा निकाल यायला १९९३ उजाडलं.

मुलांसाठी देशभराचा बाल न्याय कायदा १९८६ चा. २००० मध्ये ‘मूल’ कुणाला म्हणायचं ती वयाची रेषा मुलामुलींना सारखीच, १८ वर्षांची झाली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कारानंतर लोक खवळले आणि २०१५ च्या कायद्याने घृणास्पद गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायची वाट उघडली. शिक्षा झालीच, तर २१ पूर्ण होईपर्यंत त्याला ‘सुरक्षित स्थानी’ ठेवायचं, पुढचं पुढे. एरवी नियम हळवे आहेत: मुलाला बेडी नको, पोलीस साध्या कपड्यांत हवेत, मुलांचे खटले ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळाने उंच चौथऱ्यावर बसायचं नाही.

मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात कैद्यांसाठी एक कलम आहे. प्रत्येक राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांचं केंद्र असलंच पाहिजे. तुरुंगातून बाहेर काढलेलं मनोरुग्णालय आता तुरुंगाच्या आत.