मल्टिकास्ट ॲड्रेस

मल्टिकास्ट ॲड्रेस म्हणजे एका मशीनचा नाही तर अख्ख्या ग्रुपचा आयपी ॲड्रेस. पाठवणारा पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) एकदाच सोडतो, पुढे जिथे जिथे वाटा फुटतात तिथे राउटर नि स्विच त्याच्या कॉप्या काढतात. आयपीव्ही४ मधे (आयपी ॲड्रेसची जुनी पद्धत) २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतची रेंज यासाठी राखून ठेवलीय. त्यातला २२४.०.०.१ म्हणजे त्या लॅनवरचे (एका जागेच्या स्थानिक नेटवर्कवरचे) सगळे, २२४.०.०.५ वर ओएसपीएफवाले (वाटा शोधायचा प्रोटोकॉल वापरणारे) राउटर आपापसात बोलतात, आणि २३९ ने सुरू होणारे आपल्या ऑफिस-कॅम्पसमधे वापरायला मोकळे.

ग्रुपमधे शिरायला मशीन आयजीएमपीचा (ग्रुपमधे ये-जा करायच्या प्रोटोकॉलचा) जॉइन मेसेज टाकतं, बस. स्विच हे मेसेज मधल्यामधे ऐकून ठेवतो आणि ज्या पोर्टवर मागणी आहे तिथेच स्ट्रीम सोडतो, याला स्नूपिंग म्हणतात. पण "कोणी ऐकतंय का" असं अधूनमधून विचारणारा क्वेरिअर नेटवर्कमधे नसला की स्विचमधली यादी काही मिनिटांत एक्स्पायर होते, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र छान चालू होतं आणि मग अचानक गायब, नि लोक बिचारे केबल बदलत बसतात.

इथरनेटवर अजून एक गंमत आहे. ग्रुप ॲड्रेसचे बदलते बिट २८, पण मॅक ॲड्रेसमधे (इथरनेटवर वापरतात तो हार्डवेअरचा पत्ता) त्यातले शेवटचे २३ च मावतात, त्यामुळे ३२ ग्रुपना एकच मॅक येतो. २२४.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ दोघांचाही मॅक ०१:००:५ई:०१:०१:०१! मॅकवरून हे ग्रुप वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून नंबर निवडताना जरा बघून निवडावेत.

आयपीव्ही६ मधे (आयपीची नवी आवृत्ती) ब्रॉडकास्ट, म्हणजे सरसकट सगळ्यांना पाठवणं, काढूनच टाकलाय, ते काम एफएफ ने सुरू होणारे मल्टिकास्ट ॲड्रेस करतात. शेजारच्या मशीनचा मॅक हवा असेल तर तिच्या ॲड्रेसच्या शेवटच्या २४ बिटांवरून ग्रुप बनवून तिथेच विचारतात, एआरपीसारखं (आयपीव्ही४ मधली मॅक विचारायची पद्धत) सगळ्यांना उठवायचं नाही.

उघड्या इंटरनेटवर मात्र हे फारसं चाललं नाही. १९९२ पासून एमबोन नावाचा इंटरनेटवर मल्टिकास्ट चालवायचा प्रयोग झाला, पण सर्व्हिस प्रोव्हायडर एकमेकांचं मल्टिकास्ट सहसा पुढे नेत नाहीत, त्यामुळे मोबाइलवरच्या मॅचचा स्ट्रीम प्रत्येकाला वेगळाच जातो. खरी चलती आयपीटीव्हीत (नेटवर्कवरून येणारा टीव्ही) आणि शेअर बाजारात. मुंबईच्या एनएसईत (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज) आधी टिक-बाय-टिक डेटा, म्हणजे बाजारातल्या प्रत्येक बदलाची माहिती, टीसीपीवरून (प्रत्येकाशी वेगळं कनेक्शन) एकामागून एक ब्रोकरला जायचा, जो आधी कनेक्ट झाला त्याला आधी भाव, यावरून मोठा वाद झाला. २०१४ पासून तिथे मल्टिकास्ट आलं. पण मल्टिकास्ट चालतं यूडीपीवर (पोचलं की नाही हे न तपासणारा प्रोटोकॉल), हरवलेलं पॅकेट आपोआप परत येत नाही, म्हणून बऱ्याच एक्स्चेंजचा तोच फीड दोन वेगळ्या ग्रुपवर येतो आणि ब्रोकरचं सॉफ्टवेअर जे आधी पोचेल ते उचलतं.