सस्पेन्शन सुधारणा : रस्ता आणि ट्रॅक यांसाठी

परफॉर्मन्स कारच्या मूळ स्प्रिंग, डँपर (शॉक ॲब्सॉर्बर), अँटी-रोल बार (डावी-उजवी चाके जोडून गाडीचे कलणे रोखणारा दांडा), बुश (सांध्यांतील लवचीक अस्तर) आणि चाकांचे कोन यांत असे बदल करणे, की तीच गाडी रोज रस्त्यावर वापरता यावी आणि अधूनमधून बंदिस्त ट्रॅकवर वेगात पळवतानाही ताब्यात राहावी. शर्यतीच्या गाडीचे सस्पेन्शन एकाच कामासाठी घडवतात. येथे कामे दोन असतात आणि ती एकमेकांच्या आड येतात. ट्रॅक बहुतेक ठिकाणी गुळगुळीत असतो, पण वळणांत आणि ब्रेक लावताना गाडीवर मोठे बल येते. रस्त्यावर बल कमी असते, पण खड्डे, गतिरोधक, पुलांचे सांधे आणि पावसाचे पाणी यांतून चाकाला जावे लागते. त्यामुळे गाडी किती कडक झाली किंवा किती खाली बसली यावरून सुधारणेचे माप काढणे चूक ठरते. टायर जमिनीला किती सातत्याने आणि किती सारख्या भाराने टेकलेला राहतो, एवढेच पाहायचे असते.

भार आणि कलणे : कडक स्प्रिंग बसवली की वळणात बाहेरच्या चाकांवर कमी भार जातो, हा समज फार पसरलेला आहे आणि तो खरा नाही. स्थिर वळणात किती भार सरकेल हे गाडीचे वस्तुमान, आडवे त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांवर ठरते. १,४०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ०.५ मीटर उंचीवर, चाकांतील अंतर १.५ मीटर आणि आडवे त्वरण १ जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतके) असेल, तर आतल्या चाकांवरून सुमारे ४६७ किलोचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, मग स्प्रिंग मऊ असो वा कडक. गाडी कलल्यामुळे गुरुत्वमध्य थोडा बाजूला सरकतो, पण त्याचा वाटा लहान असतो.

कडकपणाचा उपयोग वेगळा आहे. गाडी कमी कलते, म्हणून बाहेरचा टायर उभा राहून पूर्ण रुंदीने जमिनीला टेकतो; आणि स्टिअरिंग वळवल्यावर गाडीचा प्रतिसाद लवकर मिळतो. शिवाय पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये भाराची वाटणी बदलता येते. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. त्यामुळे ज्या ॲक्सलवर कलण्याला जास्त विरोध असतो, त्याच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार साचतो आणि त्या ॲक्सलची एकूण पकड घटते. कंपन्या सर्वसाधारण चालकाच्या सुरक्षिततेसाठी गाडीला किंचित अंडरस्टिअर, म्हणजे वळणात पुढची चाके बाहेर सरकण्याची प्रवृत्ती, देतात. मागचा अँटी-रोल बार जाड केला की ही प्रवृत्ती कमी होते. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरचा बार घातला तर तो सुमारे ६७ टक्के अधिक कडक होतो. अशा बदलानंतर कोरड्या ट्रॅकवर चपळ वाटणारी गाडी ओल्या रस्त्यावर मागून निसटू शकते, हे बार निवडतानाच ध्यानात घ्यावे. जाड बारमुळे डावी-उजवी चाके एकमेकांशी अधिक जखडली जातात. मग एका बाजूच्या खड्ड्याचा धक्का दुसऱ्या बाजूला पोचतो, आणि तीव्र वळणात आतले चाक उचलले जाऊन साध्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअर रचनेच्या) गाडीत ते नुसतेच फिरत राहते.

स्प्रिंग : स्प्रिंगचा नुसता आकडा दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी ताडून काही कळत नाही, कारण प्रत्येक गाडीत ती चाकाशी वेगळ्या तरफेने जोडलेली असते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग व डँपर एकाच उभ्या खांबात असलेल्या रचनेत) स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते. डबल विशबोन किंवा मल्टिलिंक रचनेत (चाक दोन वा अधिक आर्मनी, म्हणजे दांड्यांनी, धरलेले असते) चाकाच्या हालचालीच्या कितीतरी कमी. चाकापाशी जाणवणारा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाने घटतो. तुलना करायची तर ती गाडीच्या उभ्या आंदोलनांच्या कंप्रतेची करावी. आरामदायी गाड्यांची कंप्रता साधारण १ ते १.५ हर्ट्झ असते, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांची १.५ ते २, आणि वाहत्या हवेने गाडी खाली दाबली जाण्याची (डाउनफोर्सची) मदत नसलेल्या ट्रॅकच्या गाड्यांची २ ते २.५. दोन्ही कामांसाठीच्या गाडीला १.७ ते २ हर्ट्झचा पट्टा बहुधा मानवतो. त्याच्या वर गेल्यास खराब रस्त्यावर चाक जमिनीवरून उडू लागते आणि ज्या पकडीसाठी खर्च केला तीच हातची जाते.

एक हिशोब येथे उपयोगी पडेल. एका चाकावर ३५० किलो वस्तुमान स्प्रिंगने तोललेले असेल आणि कंप्रता १.३ हर्ट्झ हवी असेल, तर चाकापाशी मिलिमीटरमागे सुमारे २३ न्यूटन कडकपणा लागतो. २ हर्ट्झसाठी तो ५५ वर जातो. चाक १० मिलिमीटर हलल्यावर स्प्रिंग ७ मिलिमीटर दबणारी रचना असल्यास प्रत्यक्ष स्प्रिंग ११३ न्यूटनची घ्यावी लागते. पुढच्या व मागच्या कंप्रतांचा मेळही पाहावा लागतो. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या अभियंत्याने दाखवून दिले, की मागची कंप्रता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवल्यास उंचवटा ओलांडल्यानंतर गाडीचे पुढे-मागे डोलणे लवकर शमते. ट्रॅकसाठीचे काही तयार संच हा मेळ मुद्दाम मोडतात. रस्त्यावर त्याची किंमत प्रवाशांच्या मानेला मोजावी लागते.

मूळ स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी खाली बसवण्याचा प्रकार कोणत्याही परिस्थितीत करू नये. चाक पूर्ण खाली लोंबले की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते.

डँपर : या साऱ्या खर्चात सर्वाधिक पैसा जेथे घालावा तो भाग हाच. स्प्रिंग ऊर्जा साठवते, डँपर ती तेलाच्या उष्णतेत घालवतो. स्प्रिंग सुमारे २.४ पट कडक केली, जशी वरच्या हिशोबात झाली, की त्याच प्रमाणात दमन राखायला डँपरचे बल सुमारे दीडपट लागते. मूळ शॉक ॲब्सॉर्बर तसेच ठेवून नुसत्या कडक स्प्रिंग घातलेली गाडी म्हणूनच उंचवट्यानंतर उसळत राहते. उलट दमन अति झाले तर दबलेले चाक पुढचा खड्डा येण्याआधी खाली पोचत नाही. असे सलग होत गेले की गाडी हळूहळू बंप स्टॉपवर (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यावर) जाऊन बसते आणि चालकाला वाटते स्प्रिंगच फार कडक आहे.

डँपरचे वागणे त्याच्या पिस्टनच्या वेगावर समजून घ्यावे. गाडी कलताना किंवा ब्रेकखाली नाक झुकताना पिस्टन सावकाश हलतो. खड्डा किंवा ट्रॅकच्या कडेचा कर्ब लागला की झपाट्याने. चांगला डँपर सावकाश हालचालीला ठाम विरोध करतो आणि झपाट्याच्या धक्क्याला वाट देतो. रस्ता आणि ट्रॅक यांची तडजोड जर कोठे साधत असेल तर ती या दोन वर्तनांच्या फरकात. हा फरक आतल्या झडपा ठरवतात, कडकपणा बदलण्याच्या बाहेरच्या खटक्यांची संख्या नव्हे. बत्तीस खटक्यांचा स्वस्त संच असला तरी त्यांतले बहुतेक खटके बल फारसे बदलत नाहीत, किंवा चारही डँपर एकाच खटक्यावर वेगवेगळे वागतात. उत्पादकाकडून डँपरचा बल-वेग आलेख मागून पाहावा, आणि तो मिळत नसेल तर दुसरा पर्याय शोधावा.

दोन नळ्यांच्या साध्या डँपरमध्ये सततच्या वापराने तेलात वायू मिसळून फेस होतो आणि जोर ओसरतो. फ्रेंच अभियंता क्रिस्त्यां बुर्सिए द कार्बाँ याने १९५० च्या दशकाच्या आरंभी एकनळी डँपर सिद्ध केला. त्यात तरता पिस्टन तेलाला उच्च दाबाच्या नायट्रोजनपासून वेगळे ठेवतो. बिलस्टाइनने तो बाजारात आणला आणि १९५७ मध्ये तो मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांत आला. नळी थेट हवेत असल्याने तो लवकर थंड होतो, म्हणून ट्रॅकवर टिकतो. मात्र नळीला पोचा पडला की पिस्टन अडकतो. काही गाड्यांत चुंबकीय द्रवाचे डँपर असतात; २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये ते प्रथम आले. असे इलेक्ट्रॉनिक डँपर काढून साधे बसवल्यास डॅशबोर्डवर इशारा येतो आणि त्यासाठी वेगळा मॉड्यूल लावावा लागतो. मूळ इलेक्ट्रॉनिक डँपर चांगल्या स्थितीत असतील, तर त्यांना जुळणाऱ्या माफक कडक स्प्रिंग आणि योग्य अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) एवढ्यावर थांबणे बहुतेकांच्या हिताचे असते.

उंची : १५ ते २५ मिलिमीटर गाडी खाली घेतल्याने गुरुत्वमध्य उतरतो, हा खरा लाभ आहे. त्यापुढे मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत हिशोब उलटतो. अर्ल मॅकफर्सनची ही रचना १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून सर्वत्र पसरली, कारण ती स्वस्त आणि आटोपशीर आहे. पण खालचा आर्म आडव्याच्या पलीकडे वर झुकला की रोल सेंटर (गाडी ज्याभोवती कलते तो बिंदू) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त उतरते, दोहोंतले अंतर वाढते आणि खाली बसलेली गाडी त्याच स्प्रिंगवर अधिक कलू पाहते. चाक वर येताना निगेटिव्ह कॅम्बरही (चाकाचा माथा आत झुकलेला असण्याचा कोन) वाढेनासा होतो. टाय रॉडचा (स्टिअरिंग चाकांशी जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडून उंचवट्यावर चाके आपसूक वळू लागतात, ते निराळेच. लांब दांड्याचे बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचे गोल सांधे) आणि टाय रॉडची टोके घालून हे काही अंशी सावरता येते. शिवाय चाकाला वर जायला उरलेली जागा ही या गाडीची खरी पुंजी असते. ती संपली की भर वळणात बंप स्टॉप लागतो, त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो आणि पकड सुटते.

बुश : मूळ रबरी बुश बळाखाली दबतात आणि चाकाचे कोन बदलतात. अधिक कडक रबर हा दुहेरी वापरासाठी सर्वांत समंजस पर्याय. पॉलियुरेथेन एका अक्षाभोवती फिरणाऱ्या जागी चांगले चालते. आर्मला अनेक दिशांनी वळावे लागते तेथे ते अडते आणि ग्रीस सुकल्यावर कुरकुरते. गोलाकार धातूचे जोड अचूक असतात, पण रस्त्यावरची धूळ-पाणी त्यांना लवकर खाते आणि आवाज केबिनमध्ये येतो. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असल्याप्रमाणे आर्म ठेवूनच आवळावेत. लोंबत्या आर्मवर आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

अलाइनमेंट : सर्वांत कमी खर्चात सर्वाधिक बदल यातून मिळतो, तरी लोक याकडे शेवटी वळतात. दुहेरी वापरासाठी पुढे २ ते २.५ अंश निगेटिव्ह कॅम्बर आणि मागे त्याहून थोडा कमी, ही बहुतेक गाड्यांत रास्त सुरुवात असते. रस्त्यावर टायर आतून झिजतो तो कॅम्बरपेक्षा चुकीच्या टोमुळे (वरून पाहता चाके आत वा बाहेर वळलेली असण्याच्या कोनामुळे) जास्त. म्हणून पुढे टो शून्याजवळ आणि मागे किंचित आत ठेवावा. ट्रॅकवरून आल्या आल्या टायरच्या आतल्या, मधल्या व बाहेरच्या पट्ट्यांचे तापमान मोजल्यास कॅम्बर कमी की जास्त ते कळते. बाहेरची कडा सर्वांत तापलेली असेल तर आणखी कॅम्बर हवा.

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-डँपर संच) बसवल्यावर चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून, चालकाच्या वजनासह, अँटी-रोल बारची एक लिंक सोडवून कोपऱ्यांचे भार जुळवतात. कर्णातल्या दोन चाकांवर मिळून एकूण वजनाच्या निम्म्याजवळ भार यावा. हे न केल्यास गाडी एका बाजूच्या वळणात चांगली आणि दुसऱ्या बाजूच्या वळणात अडखळती वागते.

क्रम : आधी झिजलेले बुश, बॉल जॉइंट आणि टॉप माउंट (स्ट्रटचे वरचे टेकण) बदलावेत. मग चांगले टायर, ट्रॅकला साजेसे ब्रेक पॅड व ताजे ब्रेक ऑइल, आणि अलाइनमेंट. डँपर व स्प्रिंग त्यानंतर, एकाच उत्पादकाने जुळवलेला संच म्हणून. अँटी-रोल बार अगदी शेवटी, उरलेला अंडरस्टिअर किंवा ओव्हरस्टिअर (वळणात मागची चाके निसटणे) काढण्यापुरता. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कशाने काय झाले ते समजते. उंची बदलल्यावर हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्यावा, आणि चालकसाहाय्याचे कॅमेरे असलेल्या गाडीत त्यांचे कॅलिब्रेशनही. काही देशांत अशा बदलांना अधिकृत मंजुरी लागते, जर्मनीत सुटे भाग प्रमाणित असावे लागतात. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर दावा नाकारला जाऊ शकतो. दबलेल्या स्प्रिंगमध्ये जीवघेणी ऊर्जा असते, म्हणून स्ट्रट सुटा करताना योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसरच वापरावा.

पहिल्या ट्रॅक सत्रानंतर सर्व बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, डँपरच्या दांड्यावर तेल ओघळले आहे का आणि टायर आतल्या पत्र्याला घासतो आहे का ते पाहावे. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्या गाडीचे डँपर ठरावीक काळाने उघडून त्यांचे तेल व सील बदलावे लागतात. म्हणून दुरुस्तीची सोय असलेलाच डँपर घ्यावा.