पिकअप, घर आणि मागे होडी: दोन ट्रेलर ओढण्याच्या कायद्याची पार्श्वभूमी

पुढे पिकअप, तिच्यामागे चाकांवरचं घर आणि घरामागे होडीचा ट्रेलर. तीन गाड्यांची ही माळ अमेरिकेत मिशिगनच्या रस्त्यांवर कायदेशीर आहे. हीच माळ न्यू यॉर्कला किंवा फ्लोरिडाला नेली तर पावती फाटते. देश एक, गाडी तीच. नियम मात्र राज्यागणिक बदलतो.

एका मोटारीमागे एकच गाडी, हा दंडक मोटारींच्या जन्मापासूनचा. ब्रिटनच्या १८९६ च्या कायद्याने हलक्या मोटारींना वाफेच्या अवजड इंजिनांच्या जाचक नियमांतून सोडवलं, पण ती ‘हलकी’ ठरण्याची एक अट अशी होती की तिने एकाहून जास्त गाड्या ओढता कामा नयेत. त्या काळच्या ब्रेकांकडे पाहिलं तर अट वाजवीच होती.

अमेरिकेत ट्रेलरची कथा होडीपासूनच सुरू होते. १९१४ मध्ये डेट्रॉइटच्या एका लाकूड व्यापाऱ्याला आपली होडी फोर्ड मॉडेल टीमागे न्यायची होती. ऑगस्ट फ्रुहाउफ या लोहाराने त्याला ट्रेलर बांधून दिला. पुढे त्यातूनच मालवाहू सेमी-ट्रेलरांचा मोठा कारखाना उभा राहिला. म्हणजे हौसेचा ट्रेलर आधी आला आणि धंद्याचा मागाहून. कायद्याने मात्र धंद्याचाच विचार आधी केला.

मालवाहू ट्रकमागे दोन ट्रेलर लावण्याची रीत पश्चिमेकडच्या राज्यांत रुळली. तिथे अंतरं लांब, रस्ते सरळ आणि वस्ती विरळ. पूर्वेकडच्या अनेक राज्यांनी जोड-ट्रेलरांना बंदी घातली होती. अखेर १९८२ च्या संघीय कायद्याने ती मोडून काढली: आंतरराज्य महामार्गांवर आणि ठरवून दिलेल्या इतर मार्गांवर २८ फुटांचे दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला कोणतंही राज्य अडवू शकत नाही. १९९१ मध्ये याहून लांब माळांची मर्यादा संसदेने होती तिथेच गोठवली. पण हे दोन्ही निर्णय व्यापारी वाहनांपुरते. सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाची पिकअप त्यात कुठेच बसत नाही. तिचा निवाडा राज्यांवरच राहिला. त्यामुळे ‘ट्रकला दोन चालतात, मग मला का नाही?’ या युक्तिवादाचा रस्त्यात अडवल्यावर काही उपयोग होत नाही.

ज्या राज्यांनी परवानगी दिली त्यांच्या अटी वाचण्याजोग्या आहेत. मिशिगनमध्ये परवान्यावर ‘आर’ ही नोंद लागते. त्यासाठी वय १८ पूर्ण हवं आणि लेखी परीक्षा द्यावी लागते. माळेची लांबी ७५ फुटांपर्यंत चालते. मिनेसोटात मर्यादा ७० फुटांची. तिथे मागच्या ट्रेलरवर काय न्यायचं याची यादीच कायद्यात आहे: होडी, मोटारसायकल, बर्फावरची स्कूटर वगैरे. शिवाय मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातल्या सात काउंट्यांत (जिल्ह्यांत) सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ७ ही माळ रस्त्यावर आणता येत नाही. कॅलिफोर्नियात प्रवासी मोटारीला आणि रिकामी असताना ४,००० पौंडांहून हलक्या असलेल्या कोणत्याही मोटारीला दुसरी गाडी जोडणं मना आहे. बाकीच्यांना ‘ए’ वर्गाचा परवाना लागतो.

मिशिगन आणि मिनेसोटा या दोघांचीही एक अट समान: पहिला ट्रेलर ‘फिफ्थ-व्हील’ जोडणीचाच हवा. फिफ्थ-व्हीलची पिन पिकअपच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळजवळ वर बसते. साधा ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकवतात तो बॉल अ‍ॅक्सलच्या बराच मागे, बंपरखाली असतो. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळते, तेच इथे होतं. समजा, होडीच्या ट्रेलरची दांडी १३५ किलो भार टाकते आणि ती जागा घराच्या चाकांच्या ३ मीटर मागे आहे; पुढची जोडणी चाकांच्या ६ मीटर पुढे. मग पुढच्या जोडणीवरचा सुमारे ६७ किलो भार उचलला जातो. पिनवर ९०० किलो असतील तर फरक जाणवतही नाही. पण ३,००० किलोच्या साध्या ट्रेलरच्या बॉलवर ३३० किलो असले, तर उरतात २६३. बॉलवर ट्रेलरच्या वजनाच्या निदान १० टक्के भार हवा, तिथे ९ टक्क्यांहूनही कमी राहतो. असा ट्रेलर वेग वाढला की शेपटी हलवू लागतो, आणि पहिला हलला की दुसरा त्याहून जास्त हलतो. आपल्याकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या निभावतात त्या बऱ्याच अंशी त्यांच्या बैलगाडीछाप वेगामुळे. महामार्गाचा वेग मिळाला तर तीच जोडी भीषण ठरेल.

बिघडतं ते बहुधा दुसऱ्या जोडणीपाशी. घराचा मागचा बंपर हा बऱ्याचदा पातळ पत्र्याची ४ इंची चौकोनी नळी असतो, आत सांडपाण्याचा पाइप ठेवायला केलेली. तिच्यावर बॉल बसवला की वेल्डिंग उकलतं. हिचचा (ट्रेलर अडकवण्याच्या जोडणीचा) सांगाडा थेट चासीच्या मुख्य तुळयांना बोल्ट किंवा वेल्ड करावा लागतो. सुरक्षा साखळ्या दांडीखाली एकमेकींना छेद देतील अशा लावायच्या. ब्रेक ओढणारी आणीबाणीची तार साखळीला किंवा बॉलला नव्हे, पुढच्या गाडीच्या चासीला अडकवायची; बॉल निसटला तर तार त्याच्यासोबत जाऊन उपयोग नाही. वायरही जाड हवी, नाहीतर शेवटच्या ट्रेलरपर्यंत पोचताना विजेचा दाब उतरतो, दिवे मंद होतात आणि विजेवरचे ब्रेक अर्धवट धरतात. रिव्हर्सचं तर नावच नको: दोन सांधे विरुद्ध दिशांना वळतात आणि काही फुटांतच माळ दुमडते. वाट संपली की चाकांखाली उटीचा अडसर लावून मागचा ट्रेलर सोडवणं, एवढाच मार्ग उरतो.

लांबीचा हिशेबही घरीच करावा. २० फुटी पिकअप, २८ फुटी घर, होडीसकट २४ फुटी ट्रेलर. पिनपाशी दोन्ही गाड्या साधारण ४ फूट एकमेकींवर येतात, म्हणून एकूण ६८. मिनेसोटात चालेल, ६५ फुटांची मर्यादा असलेल्या कॅलिफोर्नियात नाही. आणि फीत ट्रेलरच्या टोकाशी थांबत नाही. होडीचं इंजिन वर उचलून बांधलं असेल, तर मोजणी पंख्याच्या पात्यापर्यंत जाते.