कायम नोकरीसाठी टिग वेल्डर : निवड करताना आम्ही काय तपासतो

आम्ही कारखान्यांना कामगार निवडून देतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल येथून टिग वेल्डरची, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात टंगस्टनच्या आर्कने धातू जोडणाऱ्या, वर्कशॉपच्या बोलीतील आर्गन वेल्डरची, मागणी आली की पगाराआधी आम्ही कामाची चौकशी करतो. दूध प्रकल्पाची स्टेनलेस स्टीलची पाइपलाइन डीसी करंटवर जोडली जाते, तर अ‍ॅल्युमिनियमसाठी सहसा एसी करंट लागतो आणि एका कामात तयार झालेला हात दुसऱ्यात चालेलच असे नाही. म्हणून धातू, जाडी आणि जोडाची तपासणी कशी होणार, एवढी माहिती मागणीसोबत अवश्य कळवावी.

प्रमाणपत्रे आम्ही पाहतो, परंतु तेवढ्यावर थांबत नाही. एएसएमई या अमेरिकन अभियंता संस्थेच्या वेल्डिंग पात्रतेच्या नियमावलीनुसार (सेक्शन ९) वेल्डरने ६ महिने त्या प्रक्रियेने काम केले नसेल, तर त्याची पात्रता संपते; त्यामुळे मागील कामाची नोंद आम्ही मागतोच.

खरी परीक्षा ६जी चाचणीत होते. पाइप ४५ अंशांत तिरका बांधलेला असतो आणि तो न फिरवता जोड पूर्ण करायचा असतो. उमेदवार टॉर्चमधील टंगस्टनच्या कांडीचे टोक लांबीच्या दिशेने घासतो का, जोडात वितळवायची फिलर रॉड पुसून घेतो का, आर्क विझल्यावर गॅस थांबेपर्यंत टॉर्च जागेवर धरतो का, हे आमचे परीक्षक शेजारी उभे राहून पाहतात. नंतर पाइप उभा कापला जातो. पाइपच्या आतून आर्गन वायू नीट सोडलेला नसेल, तर रूट, म्हणजे जोडाची आतली बाजू, काळा पडून साखरेसारखा दाणेदार होतो आणि दुधाच्या लाइनमध्ये अशा खडबडीत जागी जिवाणू साचतात. सुरुवातीच्या काळात केवळ बाहेरील सुबक जोडावर विसंबून आम्ही एका कारखान्यास वेल्डर दिला होता. तेथील जोड कापून पुन्हा करावे लागले. त्याची खंत आम्हांला आजही आहे आणि तेव्हापासून पाइप कापल्याशिवाय आम्ही कोणाचीही शिफारस करत नाही.

चांगला आर्गन वेल्डर पुण्याकडे किंवा आखातात सहज जाऊ शकतो. तो येथे टिकावा असे वाटत असेल, तर पगार, ओव्हरटाइमचा दर, पीएफ आणि पाळ्या नेमणूकपत्रात स्पष्ट लिहाव्यात, असा आमचा आग्रह असतो. उमेदवाराकडून आम्ही कोणतेही शुल्क घेत नाही.

चाचणीच्या दिवशी आपल्या सुपरवायझरांना अवश्य पाठवावे. कापलेला तुकडा त्यांच्याच हाती दिला जाईल.